काम्शात आपा पुसट आल्या

२६ एप्रिल २००९, तेकेली

ही वही सागिंदिक आगांनी दिली. आगा म्हणजे आमच्या फोटोच्या दुकानाचे मालक. म्हणाले, "रोज लिहायचं. कुठला फोटो, कसा काढला, का बिघडला. तुझ्या डोक्यात काही टिकत नाही, निदान कागदावर टिकू दे." मी सातवीत शाळा सोडली, त्यानंतर चिठ्ठीपलीकडे काही लिहिलेलं नाही. अक्षर उंटाने तुडवल्यासारखं येतंय. एका अर्थी बरं आहे, आगांना वाचता येणार नाही आणि मला काय वाटेल ते लिहिता येईल.

आमचा आधीचा फोटोवाला दुकानातला मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून अस्तानाला गेला, तो गेलाच. म्हणून फ्रेमा पुसणाऱ्या सिरिमला, म्हणजे मला, वर चढवलं. उरलाय तो खिशात मावणारा छोटा कॅमेरा. जर्मनीत कुणीतरी वापरून विकलेला, बरोबरची पुस्तिकाही जर्मन. त्याच्या डोक्यावर एक बटण आहे, त्यावर थरथरणाऱ्या हाताचं चित्र. आगा त्याला स्टॅबिलायझर म्हणतात, मी 'हात' म्हणतो. फोटो काढणाऱ्याचा हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून ते. बटणाला तीन जागा आहेत. एकीत हाताभोवती चारी बाजूंना बाण. दुसरीत फक्त वर-खाली बाण. तिसरीत हातावर काट मारलेली.

मी बटण पहिल्या जागी नेलं आणि वर चिकटपट्टी लावून टाकली. मदत फुकट मिळतेय तर बंद कशाला ठेवायची?

आगांनी जूनपर्यंत मुदत दिली आहे. जमलं तर मी इथला फोटोवाला, नाही तर अराल्स्कची गाडी. अराल्स्कला माझा भाऊ आहे, त्याची मासळीची शेड आहे आणि खिळ्याला माझ्या नावाची सुरी टांगलेली आहे. अडीच दिवसांचा प्रवास करून परत त्या खवल्यांत जाऊन बसायचं. आणि मी तर घरी कळवून बसलोय की तेकेलीत माझ्याशिवाय कुणाचं लग्न लागत नाही.

३० एप्रिल

काल कॅफेत एका बाईंच्या साठीचा तोई, म्हणजे मेजवानीचा समारंभ, होता. उजेड कमी, माणसं फार. आज छापून आले. बसलेले सगळे दाढीच्या एकेका केसासकट स्वच्छ. नाचणारे सगळे धूर.

आगांनी एक फोटो उजेडात धरला. "या बाईंना तीन हात कुठून आले?"

"नाचत होत्या, आगा."

"मग तुझा तो स्टॅबिलायझर काय करत होता?"

"चालू होता."

छपाईच्या यंत्रावर बालझान बसते. माझ्यापेक्षा वर्षाने लहान, पण बोलते दुकान तिच्या बापाचं असल्यासारखी. मान वर न करता म्हणाली, "तो तुझा हात धरतो रे, त्या बाईंचा नाही."

मी म्हटलं, मला माहीत होतं. नव्हतं माहीत.

५ मे

ओळखपत्राचे फोटो. यात चुकण्यासारखं काहीच नाही. माणूस स्टुलावर, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर, वर चिकटपट्टी लावलेला हात चालू. म्हणजे तीन पाय आणि वर एक हात. दुकानातला मोठा दिवा गेलाय, छोट्यावर भागवतोय. तरीही अकरापैकी नऊ फोटो हलले. मी हललो नाही, कॅमेऱ्याला बोटसुद्धा जेमतेम लावलं. म्हणजे माणसंच हलत असणार. विचार केला तेव्हा कळलं, श्वास.

म्हणून दुपारपासून सगळ्यांना श्वास धरायला लावला. ठाण्यातले जाडे हवालदार आले. एवढा शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही. मी म्हटलं धरा, त्यांनी धरला. पहिला हलला, दुसरा हलला, तिसऱ्याला मी सोडा म्हणायचं विसरलो. त्यांचा रंग आधी लाल झाला, मग बिटासारखा. आगा आतून आले म्हणून वाचले.

हवालदार पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "फोटो आला का?"

आला होता. हललेला. आणि रंगही ओळखपत्राला चालणारा नव्हता.

आगांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अराल्स्कची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते."

८ मे

बालझानने जर्मन पुस्तिका तिच्या गल्लीतल्या एमा आजींकडे नेली. त्यांच्या घरचे सगळे जर्मनीला गेले, आजी एकट्या राहिल्या, त्यांची गाय आहे म्हणून. आम्ही दोघं गेलो. आजींनी चष्मा लावला, उभ्या राहिल्या आणि प्रार्थना म्हणावी तसं वाचायला लागल्या. पान तेवीस निघालं. ऐकलं तेव्हा मला वाटलं हवालदारांच्या घरी जाऊन माफी मागावी.

स्टँडवर ठेवल्यावर हात बंद करायचा असतो. कॅमेरा स्थिर असतो तेव्हाही आतलं ते यंत्र थरथर शोधत बसतं. सापडली नाही की तेच हलायला लागतं आणि फोटो हलवून टाकतं.

मी आगांना सांगितलं, "ज्याला सावरायला काही नाही तो स्वतःच हलतो म्हणे. असलं यंत्र कधी पाहिलं नव्हतं."

आगा म्हणाले, "मी पाहिलंय. महिन्याला पगार देतो त्याला." आणि माझ्या गुडघ्याकडे बघितलं. तो टेबलाखाली कधीचा नाचत होता.

चिकटपट्टी काढली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवलं:

हातात कॅमेरा, उजेड कमी: हात चालू.
स्टँडवर: हात बंद. मग बोटाने दाबायचं पण नाही, दहा सेकंदांचं घड्याळ लावून बाजूला व्हायचं.
पळणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायचा असेल तर: फक्त वर-खाली बाण. नाही तर यंत्राला वाटतं तुझा हात घसरला, आणि ते तुला मागे ओढतं.

तिसरं समजलं नाही, पण एमा आजींनी दोनदा वाचलं म्हणून लिहिलं.

हवालदारांना परत बोलावलं. हात बंद, श्वास चालू. पहिल्याच फटक्यात आला. म्हणाले, "आता श्वास घेतला तर चालतो का?" मी म्हटलं नियम बदलला.

१४ मे

आज काम्शात आपा ओळखपत्राच्या फोटोला आल्या. खालच्या आळीतल्या. तीस वर्षं डोंगरातल्या वस्त्यांवर पायी टपाल वाटलं त्यांनी, अजूनही रस्त्यावरून जातात तेव्हा कुत्री बाजूला होतात. तीस तारखेला त्यांच्या नातवाची दोरी कापायची आहे. पोरगं चालायला लागलं की पायाला काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, बायका शर्यत लावतात, जी पहिली येईल ती दोरी कापते, आणि पोरगं जन्मभर तिच्या चालीने चालतं. फोटोंचं काम आमच्या दुकानाला दिलंय.

स्टुलावर बसल्या तरी तोंड थांबेना.

"विहीणबाई येतायत मंगिस्ताउहून. तीन दिवस गाडीत. मुलगे आहेत, पण लेक एकच त्यांची, ती आम्ही इतक्या लांब आणली. नातू अजून हातात धरलेला नाही त्यांनी. माझ्याकडे काय, रोजच असतो, रोज माझे केस उपटतो."

"मग आपा, त्यांनाच कापू द्या की दोरी," मी म्हटलं.

"त्या घेतील? मागच्या वर्षी मी त्यांना एक कोट पाठवला तर दोन कोट परत आले. दिलेलं घेत नाही ती बाई. ताठ आहे. माझ्यासारखीच." मग कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पोरा, दोघी पळत असल्या तर कोण पुढे होती ते या डबीत कळतं का?"

"कळतं, आपा. मी काढला तर नक्की कळतं."

"बघ हं. सगळ्या गावासमोर बोलेन तुला."

त्या गेल्यावर आगांनी दाराला टेकून सांगितलं, "हा तोई बिघडला तर मंगळवारचीसुद्धा वाट बघायची नाही."

शर्यत म्हणजे पळणं. पळणं म्हणजे तिसरा नियम. आणि तोच मला कळलेला नाही.

१६ मे

पळणारं काहीतरी पाहिजे. गल्लीतल्या कुत्र्याला हाक मारली, तो पळायच्या ऐवजी बसला. पाववाल्याच्या सायकलचा फोटो काढला: रस्ता स्वच्छ, पाववाला धूर. बटण वर-खाली बाणावर नेऊन कमरेतून वळत काढला: पाववाला धूर, रस्ताही धूर. बालझान म्हणाली प्रगती आहे.

२१ मे

जमलं. युक्ती यंत्रात नाही, मानेत आहे. लहानपणी घोड्यांची शर्यत बघायचो तशी मान आधीपासून त्याच्याबरोबर फिरत ठेवायची, फोटो काढून झाला तरी थांबवायची नाही. पाववाला आला तो टोपीवरच्या पिठासकट, आणि मागची भिंत नुसते आडवे फराटे. जणू तोच एकटा उभा आहे आणि गाव पळतंय. हा छोटा कॅमेरा दाबल्यावर लगेच घेत नाही आणि एक घेतला की दोन सेकंद झोपतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

मग सरावासाठी बालझानला दुकानासमोरून जा म्हटलं. नऊ वेळा गेली. दहाव्यांदा म्हणाली, "अजून किती सराव?" मी म्हटलं, मान अजून आखडते. खरं तर आखडत नव्हती.

काल वही बाकाच्या खाली ठेवली होती, आज ती टेबलावर होती आणि आत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. दुकानात उंदीर झालेत, आगांना सांगायला पाहिजे. बालझान दिवसभर बिया खाते, त्यावरच येत असणार.

३० मे

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज.

सकाळी ऊन होतं. पाहुणे जमेपर्यंत पाच वाजले आणि डोंगरावरून ढग उतरले. शर्यत घरासमोरच्या पॉपलरच्या गल्लीत. एका बाजूला निळं लाकडी कुंपण, गल्लीच्या टोकाला नमदा अंथरलेला, त्यावर पोरगं बसवलेलं. पाय दोरीने बांधलेले, दोन्ही हातांत बाउर्साक, पिठाचे तळलेले गोळे. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

घरात काढले तेव्हा हात चालू. सगळ्या घराण्याचा एकत्र फोटो स्टँडवर, हात बंद, घड्याळ लावलं. दहा सेकंदांत मीही जाऊन उभा राहिलो शेवटच्या रांगेत. आगांनी ते बघितलं.

दोरी कापायचं आधीच ठरलेलं होतं: पोराची आत्या पळणार, बाकीच्या बायका मागे राहणार. हे असंच असतं, शर्यत नावाची. पण सगळ्या ओळीत उभ्या राहतायत तेवढ्यात काम्शात आपा पुढे आल्या आणि बूट काढायला लागल्या.

"पोरींचं काय बघायचं. आज आज्यांची शर्यत," म्हणाल्या. "का विहीणबाई, गुडघे मंगिस्ताउलाच ठेवून आलात?"

विहीणबाई म्हणजे उल्बोसिन आजे. उंच, वाळलेल्या, सकाळपासून एका कोपऱ्यात पाहुण्यासारख्या चहा पीत बसलेल्या. कुणी वाढलं की नको, कुणी उशी दिली की नको. त्यांनी पेला खाली ठेवला.

"चाळीस वर्षं उंटांच्या मागे पळतेय," त्या म्हणाल्या. "टपाल मागे लागलं तर पळत नाही, एवढंच."

हसून हसून आत्या खालीच बसली. दोघी म्हाताऱ्या पायमोजांवर उभ्या राहिल्या. पुरुष मंडळी चुलीवरचं मांस सोडून आली.

मी टोकाशी बाजूला उभा राहिलो. बटण वर-खाली बाणावर. तीनदा तपासलं.

सुटल्या. काम्शात आपा अशा सुटल्या की रुमाल मागे उडाला. अर्ध्या वाटेवर दोन पावलं पुढे होत्या, तेव्हा पहिला घेतला. कॅमेरा झोपला. मी मान फिरवत राहिलो, उल्बोसिन आजेंच्या चेहऱ्यावर नजर धरून, कारण त्या माझ्या बाजूला होत्या. नमदा चार हातांवर आला आणि कॅमेरा जागा झाला. दुसरा घेतला. पुढच्याच क्षणी आत्या, काकू, शेजारणी सगळ्या धावत मधे घुसल्या आणि कोण कुठे पोचलं ते कुणालाच दिसलं नाही.

"मी पहिली," काम्शात आपा ओरडल्या.

"डोळे तपासून घ्या विहीणबाई," उल्बोसिन आजे म्हणाल्या. श्वास लागला होता, पण मान ताठ.

"माझ्या अंगणात येऊन मला सांगता?"

"तुमच्या अंगणात तुम्हाला मागे टाकून सांगते."

दोन्हीकडचे लोक दोन बाजूंना झाले. कुणी म्हणे आपा, कुणी म्हणे आजे. म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाले, दोघींनी मिळून सुरी धरा. काम्शात आपांनी ते उडवून लावलं. "मग पोरगं एका पायाने एकीसारखं आणि दुसऱ्याने दुसरीसारखं चालेल. नाही. फोटोवाल्याला विचारा. त्याने मला शब्द दिलाय."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. छोट्या पडद्यावर बघितलं तर नखाएवढ्या दोन बाया, काही कळेना. आगा म्हणाले, दुकानात जाऊन छापून आणतो. मांस चुलीवरून उतरवलं आणि झाकून ठेवलं. दोरी कापल्याशिवाय कोण जेवणार?

गाडीत बसताना पोराच्या काकांनी खिडकीत डोकं घातलं. "आमच्या आपा जिंकल्या असतील तर शिकारी कुत्रीचं एक पिल्लू तुझं." दुसऱ्या खिडकीतून मंगिस्ताउचा मामा म्हणाला, "आजे असतील तर उंटाच्या लोकरीचं पांघरूण." आगांनी दोन्ही काचा वर केल्या.

दुकानात बालझान होती. मोठ्या पडद्यावर दोन्ही फोटो लावले.

पहिला सुंदर. दोघी स्वच्छ, काम्शात आपा दोन पावलं पुढे, रुमाल हवेत. भिंतीवर लावावा असा.

दुसऱ्यात उल्बोसिन आजे पुढे, इतक्या स्वच्छ की कपाळावरची शीर मोजावी. आणि काम्शात आपा हातभर मागे, पुसट. नुसत्या पुसट नाहीत, कुंपणासारख्या. मागे उभ्या असलेल्या माणसांचे जसे आडवे फराटे झाले होते तसाच आपांचा फराटा. ज्या बाईंनी आम्हाला काम दिलं त्याच नेमक्या बिघडल्या.

आगा बाहेर गाडीत भोंगा वाजवत होते. मी बालझानला म्हटलं, "पहिलाच छाप. तो चांगला आलाय."

"तो शेवटचा आहे का?"

"शेवटच्यात अर्धा फोटो गेलाय. आगा मला आजच गाडीत बसवतील."

"विचारलंय काय? शेवटी कोण पुढे होतं. बरोबर?"

मी उठलो, बसलो, परत उठलो. पहिला नेला असता तर आगांनी पाठ थोपटली असती, काम्शात आपांनी आशीर्वाद दिला असता, पिल्लूही मिळालं असतं. शिवाय तो फोटो खोटा नव्हता, फक्त थोडा आधीचा होता. पण मग सुरी आपांच्या हातात गेली असती. त्या पोराच्या पायाला दोरी काळी आणि पांढरी अशी दोन रंगांची बांधतात ती कशासाठी, हे आमच्याकडे बोलायला लागायच्या आधी शिकवतात. काळं कुठलं आणि पांढरं कुठलं ते कळावं म्हणून.

म्हटलं, "दुसरा छाप." बालझान आधीच छापत होती. छापताना ती त्या फोटोकडे नको तितका वेळ बघत राहिली, काम्शात आपांच्या फराट्यावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुला दिसलं का?" म्हणाली.

"दिसलं. बिघडलाय."

ती काहीतरी बोलणार होती. मग नुसती हसली आणि म्हणाली, "जा. काही होत नाही तुला."

मी फोटो नेऊन दिला. आगांनी खांद्यावरून बघितला आणि हळूच म्हणाले, "अरे, यजमानीणच पुसली की तू." काम्शात आपांनी हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ. मग माझ्याकडे एकदा बघितलं. मला हवालदारांसारखा श्वास धरावासा वाटला.

"बरोबर आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "अगदी असंच झालं. हरले मी. सुरी आणा विहीणबाईंना. आणि चुकून हात कापून घेऊ नका, तुम्हाला उंटांची सवय."

उल्बोसिन आजे गुडघ्यावर बसल्या. सुरी धरली तेव्हा हात इतके थरथरत होते की मी पहिल्यांदाच यंत्राला नाही, माणसाला स्टॅबिलायझर हवा असं म्हटलं. दोरी कापली. पोराचे दोन्ही हात धरून त्याला दोन पावलं चालवलं, तिसऱ्याला त्याने त्यांच्या गळ्यात उडी घातली आणि बाउर्साक त्यांच्या कानात कोंबलं. कानातलं काढायचं सोडून त्या तशाच बसून राहिल्या. हात चालू होता, तो फोटो आला.

मांसाचं बेशबरमाक वाढलं तेव्हा काम्शात आपांनी मला गोठ्याच्या मागे बोलावलं.

"पोरा, याच्या आधीचाही एक काढला होतास ना?"

"हो, आपा."

"त्यात मी कुठे?"

"दोन पावलं पुढे. रुमाल उडालेला."

"कुणी पाहिला?"

"बालझानने. छपाईवाली."

"शहाणी आहे ती. तो पुसून टाक. आणि या दुसऱ्यात मी अशी का आले ते कुणाला सांगायचं नाही. कुणालाही. कळलं?"

मी म्हटलं, आपा, माझं चुकलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना इतकं हसू आलं की भिंतीला धरून उभ्या राहिल्या. नंतर सगळ्यांच्या देखत आगांना म्हणाल्या, "हा पोरगा हुशार नाही, पण इमानी आहे. ठेव याला."

आगा म्हणाले, "ठेवला."

असं एका शब्दात.

३१ मे

पहिला फोटो पुसला. वाईट वाटलं. रुमाल घसरलेला, केस सुटलेले, त्यात त्यांना आवडलं नसेल. बायकांचं असतं.

तीस वर्षं डोंगरात टपाल वाटलेली बाई चाळीस पावलांच्या शर्यतीत शेवटच्या चारला कशी दमते, ते मात्र मला कळत नाही. वय कुणाला चुकलंय.

१ जून

आज उल्बोसिन आजे दुकानात. संध्याकाळची गाडी, बरोबर मुलगा, पांघरुणाची गाठोडी. मुलाला बाहेर उभं केलं आणि मला म्हणाल्या, "तो मोठ्या काचेवर दाखव."

पडद्यावर लावला. त्यांनी स्वतःकडे बघितलंच नाही. काम्शात आपांच्या फराट्यावर बोट फिरवलं, कुंपणावर फिरवलं, परत आपांवर.

"दोघं सारखेच आलेत," म्हणाल्या.

"हो, आजे. माझी मान थोडी चुकली असेल."

"तुझी मान बरोबर होती, लेकरा." बोट काचेवरून काढलं. "मागे पायांचा आवाज येत होता. मग अजिबात आला नाही. वळून बघावं असं वाटलं होतं. पण शर्यतीत वळून बघणं शोभत नाही, म्हणून नाही बघितलं."

मला वाटलं त्यांना कमी ऐकू येत असणार, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "दुसरा छापून देऊ का? नातवाला कुशीत घेतलेला?"

"तो दे. आणि हाही दे, मोठा करून. उशाशी लावीन." पिशवीतून पांघरूण काढून बाकावर ठेवलं. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "घ्यायला शिक. मी परवा शिकले." दारात परत वळल्या. "ही पुसट का आली ते त्यांना सांगायचं नाही. मला कळलंय हे तर मुळीच नाही."

मी शब्द दिला.

२ जून

मंगळवार आहे. अराल्स्कची गाडी सकाळी गेली, शिटी दुकानात ऐकू आली. मी स्टँडवर एका बाळाचा फोटो काढत होतो, हात बंद. गुडघाही शांत होता, आगांनी तसं म्हटलं. खिळ्यावरची माझी सुरी भावाने आता दुसऱ्या कुणाला द्यावी, असं पत्र लिहिलं.

बालझानला विचारलं, "तिसरा नियम मी बरोबर पाळला, वर-खाली बाण होता, मान फिरत होती. मग दोघींपैकी एकच पुसट का आली?"

तिने मला दुकानासमोरून चालत जाताना फोटो काढायला लावला. मी मान फिरवत होतो आणि ही बया मधेच थांबली. साहजिकच पुसट आली.

"हे बघ," म्हणाली. "काय दिसतं?"

"तू थांबलीस म्हणून बिघडला. परत जा. थांबू नकोस."

तिने कपाळावर हात मारला, बियांची मूठ माझ्या खिशात ओतली आणि आत निघून गेली. यंत्राचं मला कळतं, हिचं नाही कळत.

पण एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण आगा म्हणतात मनात टिकत नाही. एवढ्या मोठ्या तोईत मी यजमानीणबाईंनाच पुसून टाकलं, आणि दोन म्हाताऱ्यांनी, एकीला कळू न देता दुसरीने, माझी चूक पोटात घातली. एकीनेही मला बोल लावला नाही. असली माणसं मी पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी आपांच्या घरी दुसरं पोरगं होणार आहे म्हणतात. त्याच्या दोरीच्या वेळी कितीही सराव करावा लागला तरी करीन, पण त्या दोघींनाही मी स्वच्छ आणणार.